अक्षरी चौतीस मीटर फक्त

नगर जिल्ह्यात वजनाची आणि लांबीची मापं सरकारी आहेत. उंचीचं माप अजून तोंडी चालतं. विहीर असेल तर ती अमुक पुरुष खोल. आणि वर जाणारी वस्तू असेल तर ती आधी नारळाएवढी, मग पाण्याच्या टाकीएवढी, मग मोबाईलच्या टॉवरएवढी, आणि तिथून थेट ‘ढगात’. टॉवर आणि ढग यांच्यामध्ये एककच नाही. त्यामुळे टॉवरच्या हातभर वर गेलेली कोणतीही वस्तू, मग तो पतंग असो, वरातीतला फुगा असो की दिवाळीतला बाण असो, आमच्याकडे आपोआप ढगात जमा होते.

यात लोकांचा फारसा दोष नाही. महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा आमच्या जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यातलं कळसूबाई, १६४६ मीटर. आणि नगर शहर (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर; एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच) स्वतःच समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे नगरचा माणूस घरच्या ओट्यावर मांडी घालून बसला, तरी मुंबईच्या कुठल्याही टॉवरच्या गच्चीवर उभ्या असलेल्या माणसापेक्षा उंचावर असतो. त्याला हे ठाऊक नसतं, पण बोलण्यात उतरतं.

फेकण्याची परंपराही आमची जुनी. गैरसमज नको, तोफेबद्दल बोलतोय. विजापूरच्या बुरुजावरची ती प्रसिद्ध मलिक-ए-मैदान, सुमारे ५५ टनांची, ओतली गेली १५४९ साली अहमदनगरला. नगरकरांनी ओतली, विजापूरकरांनी नेली, आणि आता सहलीला जाऊन आम्हीच तिच्यापुढे फोटो काढतो. अलीकडचं पाहायचं तर नगरजवळची के. के. रेंज. तिथे २२ सप्टेंबर २०२० रोजी डीआरडीओने अर्जुन रणगाड्यातून लेझरच्या दिशादर्शनावर चालणारं रणगाडाभेदी क्षेपणास्त्र डागलं आणि त्याने ३ किलोमीटरवरचं लक्ष्य टिपलं. थोडक्यात, आडवं मारण्यात जिल्ह्याचा हात धरणारं कोणी नाही. उभं मारणं मात्र आमच्याकडे नवीन, आणि ते आलं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातून.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. मांडवात शिरताच डाव्या हाताला ज्वालामुखी. तो गेली कित्येक वर्षं त्याच खाण्याच्या सोड्यावर आणि व्हिनेगरवर धुमसतोय. त्याच्या शेजारी ठिबक सिंचन, मग पवनचक्की, मग ‘आदर्श गाव’. या शेवटच्या मॉडेलमध्ये एकही माणूस नसतो, म्हणून तर ते आदर्श. राहुरी-नेवासे पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या सरांनी मात्र एका वर्षी मांडवाबाहेर, मैदानावर, पाण्याचं रॉकेट लावलं. दोन लिटरची थंड पेयाची बाटली, तिला पुठ्ठ्याचे पंख, वर प्लॅस्टिकचं टोपडं, आत तिसरा हिस्सा पाणी, बुडाला सायकलचा व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हला पंप. पंप मारायचा, खटका ओढायचा, बाटली पाणी फेकत वर. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अशी टाकाऊतून टिकाऊ खेळणी ढिगाने पाहायला मिळतात. आमच्या तालुक्याला मात्र तो चमत्कारच होता. एक आजोबा सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, “गावात चौथ्या दिवशी टँकर येतो, आन् तुम्ही पाणी हवेत उडिवता व्हय?” ह्यांना आपण तात्या म्हणू. प्रत्येक गावात असतात, आणि प्रदर्शनाला मुख्य पाहुण्यांच्या आधी येतात.

प्रश्न एवढाच उरला की रॉकेट किती उंच गेलं.

पहिल्या वर्षी सरांनी पाठ्यपुस्तकातली रीत वापरली. कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला लोखंडी नट. रॉकेटपासून ३० मीटरवर एक विद्यार्थी उभा करायचा. रॉकेट टोकाला पोचलं की त्याने कोनमापकाच्या कडेने नेम धरायचा आणि दोरा बोटाने दाबायचा. कोन ४५ अंश आला की उंची ३० मीटर, अधिक विद्यार्थ्याची स्वतःची. त्रिकोणमितीचा इतका सरळ उपयोग दहावीनंतर कोणाच्या वाट्याला येत नाही. पण विद्यार्थी नेमका रॉकेट शोधत असताना मैदानावर एक घार घिरट्या घालत होती. त्याने प्रामाणिकपणे घारीवर नेम धरला. कोन आला ८० अंश, उंची आली १७० मीटर. परीक्षकांनी वहीत लिहून घेतलं, आणि बक्षीसही मिळालं. इथे गणिताची एक खोड सांगून ठेवतो. घार आणखी पाचच अंश वर सरकली असती, तर तेवढ्यावर उंची दुप्पट होऊन साडेतीनशेच्या घरात गेली असती. ९० अंशांना तर पुस्तकच हात टेकतं. ढगात जायची सोय त्रिकोणमितीतही आहे, हे लोकांना उगाच माहीत नसतं.

दुसऱ्या वर्षी सर अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, घेऊन आले.

वस्तू दिसायला अगदीच किरकोळ. नखाएवढी जांभळी पट्टी, चार तारा, एक बटण-सेल आणि आकडे साठवणारी छोटी चिप. पट्टीच्या मध्यावर बॉश कंपनीचा बीएमपी-२८० हा सेन्सर. त्याची लांबी-रुंदी अडीच मिलिमीटर बाय दोन. ऑनलाइन शे-दोनशे रुपयांत मिळतो. त्याच्या आत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. हवेचा दाब बदलला की पडदा वाकतो, आणि किती वाकला ते वीज सांगते. तत्त्व म्हणाल तर पावणेचारशे वर्षांचं. १६४८ साली पास्कलने आपल्या मेव्हण्याला पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्यू-द-डोम डोंगरावर चढवलं. वर जाता जाता पारा उतरत गेला. स्वतः पास्कल खालीच, पॅरिसला. डोंगर चढायला मेव्हणा पाठवायची ही पद्धत आपल्याकडे तेव्हापासूनच असावी. तुम्हाला प्रयोग करायचा तर बारी गावातून कळसूबाईला निघा. शिखरावरच्या देवळापाशी दाब समुद्रकाठच्या मानाने सहाव्या हिश्शाहून जास्त घटलेला असतो, आणि तिथवर शिड्या चढून आल्यावर तुमच्या फुप्फुसांनाही तो पटलेला असतो.

मैदानावर हिशेब बारीक आहे. राहुरी-नेवाशाकडे हवेचा दाब ९५ हजार पास्कलच्या आसपास. वर जाल तसा मीटरमागे सुमारे ११ पास्कल कमी. म्हणजे रॉकेट दहा मीटर चढलं तर दाबात फरक पडतो हजारातल्या एका भागाचा. एवढा फरक तो सेन्सर सेकंदाला कित्येक वेळा टिपतो आणि आकडा चिपमध्ये टाकतो. रॉकेट खाली आलं की केबल लावायची, आणि मोबाईलच्या पडद्यावर पूर्ण उड्डाणाची रेघ उमटते.

रेघ उमटली. सर्वोच्च आकडा वजा जमिनीचा आकडा: ३४ मीटर.

मैदानावर शांतता पसरली. मुख्य पाहुणे आत्ताच ‘आपल्या तालुक्याचं रॉकेट गगनाला भिडलं’ असं माइकवर बोलून बसले होते. गगन ३४ मीटरवर असल्याचं निष्पन्न झालं. गेल्या वर्षीच्या १७० च्या पुढे हे म्हणजे सरळ नापास. त्या बाटलीतलं पाणी संपलं तेव्हा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात होता, चौतीस मीटर म्हणजे दहा मजल्यांहून जास्त, हे सर सांगू लागले. पण दहा मजली इमारत ज्या गावात नाही तिथे त्या तुलनेचा काय उपयोग?

तात्या पुढे झाले. मोबाईलकडे पाहिलं, सेन्सर चिमटीत धरला, आणि निकाल दिला.

“काटा मारतंय हे.”

आता हे बोलणं समजायला नगर जिल्ह्यातच जन्म घ्यावा लागतो. हा उसाचा जिल्हा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास त्याची धुराडी पेटली, आणि तेव्हापासून इथला माणूस वर्षाचे काही महिने वजनकाट्यापुढे उभा आहे. फडात ऊस असतो एवढा, काट्यावर भरतो तेवढा, आणि मधला कुठे जातो हा जिल्ह्याचा कायमचा संशय. ट्रॅक्टर काट्यावर चढताना शेतकरी देवाचं नाव घेत नाही, आकडा बघतो. त्यामुळे इथे कोणत्याही यंत्राने अपेक्षेपेक्षा कमी आकडा दाखवला, तर यंत्र दुरुस्त की नादुरुस्त हा प्रश्न दुसरा; पहिला प्रश्न, कोणाच्या सांगण्यावरून?

पण तात्यांचा संशय नुसता आरडाओरड्याचा नव्हता. काट्यापुढे उभं राहून तयार झालेला माणूस होता. त्यांनी पहिलाच प्रश्न मुद्द्याचा विचारला. “आधी रिकामी ट्रॉली घातली व्हती का काट्यावर?”

सर चाट पडले, कारण अल्टिमीटरचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात आहे. यंत्र सांगतं ती उंची समुद्रसपाटीपासूनची. उडवण्याआधी जमिनीवरचा आकडा घ्यायचा आणि वरच्या आकड्यातून वजा करायचा. तो आकडा ताजा हवा. सकाळचा आकडा दुपारी चालत नाही, कारण हवेचा दाब दिवसभर वरखाली होतो. पावसाळी हवेत दाब चार हेक्टोपास्कलने उतरला, तर ट्रेकवाल्यांच्या घड्याळात कळसूबाई बसल्या जागी ४० मीटरने वाढते. तेवढ्यापुरता जिल्ह्याचा मानही वाढतो. ऊन पडलं की उतरतो. सरांनी रिकामी ट्रॉली घातली होती. वही दाखवली. तात्यांनी मान डोलावली आणि दुसरी मागणी केली. माहीत असलेल्या वजनाचा दगड घालून काटा तपासा.

उंचीचा दगड आणायचा कुठून? गावच्या पाण्याच्या टाकीवर पाटी होती, योजनेचं नाव, खर्च, आणि ‘उंची १५ मीटर’. सरांनी एकाही पोराला शिडीला हात लावू दिला नाही. रोज टाकी बघायला चढणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी सेन्सर खिशात घालून वर गेला, टाकीच्या तळाशी असलेल्या सज्जावर पाच मिनिटं बसला, तंबाखू मळली आणि खाली आला. रेघ पाहिली. मध्ये ती सपाट होती, तंबाखूएवढी, आणि आकडा होता १४.

“एक मीटर कुणी खाल्ला?” तात्या.

“तात्या, शास्त्रात एवढा फरक माफ असतो. एखाद मीटर इकडेतिकडे.”

“कंत्राटदाराला बी तसंच वाटलं आसंल.”

तिथे सरपंच उभे होते. त्यांनी मुलांना चहा-बिस्किटं द्यायला सांगितली आणि प्रयोग पुढे ढकलला.

ही रेघ आल्यापासून गावातलं बोलणं बदललं, हे मात्र खरं. पूर्वी रॉकेट पडल्यावर फक्त ‘ढगात’ एवढा एक शब्द व्हायचा. आता चौथीतली मुलंही रेघ वाचतात. ही खाडकन उभी चढण, तेव्हा पाणी बाहेर पडत होतं. इथून चढ मंदावला, पाणी संपलं, नुसत्या जोरावर चाललंय. हा गोल माथा. आणि इथून छत्री. छत्री म्हणजे कचऱ्याच्या काळ्या पिशवीची, आठ दोऱ्यांची. ती उघडली तर उताराची रेघ तिरपी, आरामात खाली येते. नाही उघडली तर रेघ चढली तशीच कोसळते. एका गटाने छातीठोकपणे सांगितलं, छत्री उघडली होती सर, आम्ही पाहिली. रेघेने तिथल्या तिथे पंचनामा केला. गटप्रमुखाने शेवटी कबूल केलं की छत्री उघडली होती, पण जमिनीवर, हाताने.

यंत्राचे नखरेही कमी नाहीत. ज्या डबीत ते बसतं तिला भोकं पाडावी लागतात, नाहीतर आत हवा कोंडते आणि यंत्र शपथेवर सांगतं की आपण जमिनीवरच होतो. भोक एकच पाडलं तर वारा थेट आत घुसतो आणि आकडा उड्या मारतो. म्हणून गोल फिरवून सारख्या अंतरावर तीन किंवा चार. बारूदवाल्या रॉकेटमध्ये छत्री बाहेर काढायला शेवटी छोटा बार उडतो. त्याचा दाब डबीत शिरला तर यंत्राच्या मते रॉकेट क्षणभर जमिनीखाली जाऊन येतं. काही सेन्सरना ऊन थेट लागलं तरी चालत नाही. एकंदरीत सगळा थाट जावयाचा.

आणि ते बंद करायला विसरलात तर विचारू नका. एका शिक्षकांनी प्रदर्शनाहून परतताना यंत्र चालू ठेवून दप्तरात टाकलं आणि ते एसटीने संगमनेरकडून चंदनापुरी घाट चढून गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात रेघ उघडली. लांबच लांब उड्डाण, सावकाश चढ, मध्येच सपाट. मुलांनी सपाट भागावर बरीच चर्चा केली. तो चहाचा थांबा निघाला. उंची मात्र निर्विवाद होती: शाळेच्या आजवरच्या सगळ्या रॉकेटपेक्षा एसटी कितीतरी वर गेली होती, आणि छत्रीशिवाय सुखरूप उतरली होती.

खरी परीक्षा रॉकेट उसात पडलं की होते. आमच्याकडे वारा कुठूनही येवो, तो शेवटी उसाकडेच जातो. बारा फूट उंच ऊस, पानांच्या धारा हाताला कापणाऱ्या, आणि आत बिबट्या असेल-नसेल ही शंका. या भागात ती शंका विनोदाची नाही. उसात बिबट्याची पिल्लं सापडल्याच्या बातम्या दर तोडणीला असतात. अशा वेळी परदेशात मिळणारे बोलके अल्टिमीटर कामाला येतात. ते रॉकेट पडल्यावर आपली उंची शिट्टीने सांगत राहतात. १३४ असेल तर एक शिट्टी, थांबा, तीन शिट्ट्या, थांबा, चार शिट्ट्या. काही यंत्रांत शून्यासाठी दहा शिट्ट्या असतात, कारण शून्य शिट्ट्या ऐकायच्या कशा? आवाजाच्या मागाने जायचं आणि रॉकेट उचलायचं. सरांनी आपल्या यंत्राला दहा-वीस रुपयांचा बझर जोडला. फडाच्या बांधावर उभं राहून सगळी शाळा कान देऊन शिट्ट्या मोजतेय, आणि आत जायला मात्र कोणी तयार नाही, असा तो देखावा. शेतमालक ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत यंत्र उंची सांगत राहिलं आणि मुलं ती वहीत लिहीत राहिली. मालकाने विचारलं, हे आत काय बोंबलतंय? मुलं म्हणाली, एकतीस.

अमेरिकेत या सगळ्याचा रीतसर खेळ झालेला आहे. १९५७ साली तिथे हौशी रॉकेटवाल्यांची राष्ट्रीय संघटना निघाली. दुकानात तयार इंजिनं मिळतात, त्यांवर छापलेलं असतं ताकद किती, छत्री किती सेकंदांनी. शाळांची मोठी स्पर्धा होते आणि तिचा नियम ऐकून आमच्या सरांच्या वर्गात हलकल्लोळ झाला. रॉकेटमध्ये कच्चं अंडं ठेवायचं, ते न फुटता परत आणायचं, आणि रॉकेट ठरवून दिलेल्या उंचीलाच गेलं पाहिजे. कमी गेलं तर फुटामागे एक गुण दंड. जास्त गेलं तरी फुटामागे एक गुण दंड. उंची किती ती अल्टिमीटर सांगणार, पंच नाही.

“जास्त गेलं तरी दंड?” मुलांना हे काही केल्या पचेना. आपल्याकडे जास्तीचा दंड म्हणजे फक्त ट्रकच्या ओव्हरलोडला, तोही वाटेत मिटतो. पण विचार केला तर या एका नियमाने रॉकेटचं शास्त्र बदलतं. वर जाणं सोपं, पंप मारत राहा. सांगितलं तेवढंच जाणं अवघड. त्यासाठी पाणी मोजून, दाब मोजून, अंड्याचं वजन करून बसावं लागतं. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि मग पीक ठरवलं; तिथल्या मुलांना हा नियम एका दमात समजला असता. आमच्या गटाने ३० मीटरचं लक्ष्य ठरवलं. अंडं फुटलं. पण रॉकेट २९ ला गेलं, आणि ऑम्लेटही झालं.

मधल्या काळात एका हुशार मुलाने विचारलं, सर, आपल्या जिल्ह्यात साखर एवढी, तर साखरेवर उडणारं रॉकेट का नको? प्रश्न बरोबर आहे. जगभरच्या हौशी मंडळींचं साखरेचं इंधन प्रसिद्ध आहे, आणि ते डोक्यात यायला नगरएवढा योग्य जिल्हा नाही. उत्तरही बरोबर आहे: नको. अशा मिश्रणांवर भारतात १८८४ चा स्फोटक कायदा लागतो, तो राबवणाऱ्या खात्याचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे, आणि ज्यांनी घरच्या गॅसवर हे करून पाहिलं त्यांतल्या काहींना बोटं मोजायला दुसऱ्याची मदत लागते. शिवाय लष्कराची छावणी आणि फायरिंग रेंज असलेल्या जिल्ह्यात आकाशात काही सोडायचं तर आधी पोलिसांना विचारलेलं बरं. पाणी आणि सायकलचा पंप यांना अजून परवाना लागत नाही. तात्या म्हणतात, लागंल.

यंत्राऐवजी नुसत्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा याचा धडा राज्याला २ एप्रिल २०२२ ला मिळाला. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा अवशेष, असं तज्ज्ञांनी सांगितलं. आकाशातली अशी वस्तू पाहणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्याच गावच्या ओढ्यापलीकडे पडल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती कित्येक किलोमीटर उंचावरून, भलत्याच तालुक्यात निघालेली असते. त्या दिवशी रॉकेट खरोखरच ढगांच्या वरून आलं होतं, आणि आमच्या एककाने सांगायचं तर सगळ्यांनी ते ‘टाकीएवढ्यावर’ पाहिलं.

आता त्या ३४ मीटरचं शेवटी काय झालं ते सांगतो, कारण तिथे प्रकरण उलटलं.

सर रात्री सूत्र घेऊन बसले. दाबावरून उंची काढणारं सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं: समुद्रसपाटीला तापमान १५ अंश, आणि पुढे दर किलोमीटरला साडेसहा अंश कमी. म्हणजे राहुरी-नेवाशाच्या उंचीवर हवा ११-१२ अंशांची. हा हिशेब ज्याने मांडला तो राहुरीला कधी आला नसावा. प्रदर्शनाच्या दिवशी, भर हिवाळ्यात, दुपारी मैदानावर २८ अंश होते. गरम हवा विरळ असते. विरळ हवेत तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं. यंत्राला वाटतं थोडंच चढलो, प्रत्यक्षात जास्त चढलेलं असतं. निरपेक्ष तापमानाचा भागाकार केला तर फरक निघाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास. ३४ चे झाले ३६.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः तात्यांच्या ओट्यावर गेले. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, तात्या, तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, यंत्र दोन मीटर कमी दाखवत होतं.

“म्हंजी काटा मारलाच व्हता!” तात्यांनी मांडीवर थाप मारली. सबंध हयातीत काट्याने कबुली दिल्याची ही पहिलीच वेळ होती.

“पण तात्या, त्याच हिशेबाने टाकीचे १४ पण वाढतात. पावणेपंधरा होतात. म्हणजे पाटी बरोबर आहे. कंत्राटदाराने काही खाल्लं नाही.”

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “रॉकेटचा हिशेब बराबर हाये. टाकीचा पुन्हा करा.”

सरांनी पुन्हा केला. उत्तर तेच आलं. तात्यांनी पुन्हा करायला सांगितलं.

तेव्हा वाचकहो, तुमच्या शाळेत रॉकेट उडवणार असाल तर यंत्राला भोकं चार पाडा, जमिनीचा आकडा आधी घ्या, उसापासून लांब राहा आणि एसटीत बसण्यापूर्वी सेल काढा. आणि शक्य तर मे महिन्यात उडवा. नगर जिल्ह्यात ४० अंशांना अल्टिमीटर जवळजवळ दहा टक्के कमी दाखवतो; तेव्हा दहा टक्क्यांपर्यंत वाढवून सांगायला हरकत नाही, ते शास्त्रात बसतं. त्यापुढचं ज्याचं त्याने पाहावं.